डाव्या भिंतीची वाट

मंगळवार, ३ मार्च

आली एकदाची तारीख. सतरा एप्रिल, सकाळी दहा. आठ वर्षं आम्ही ‘चौकी’ या संगणकावरच्या खेळाच्या दुसऱ्या भागाची वाट पाहतोय आणि त्या कंपनीने आज ते असं जाहीर केलं, की दूधवालासुद्धा उद्याचा खाडा याहून जास्त आदराने सांगतो. सोबत दोन मिनिटं अकरा सेकंदांचा ट्रेलर. त्यात चाळीस सेकंद नुसता धूर.

चाहत्यांच्या ग्रुपवर अकरा हजार माणसं आहेत, त्यातल्या अकरा जणांना अक्कल असेल. कुणी आनंदाने रडतंय, कुणी आजच सतरा तारखेची रजा टाकून मोकळं झालंय, एकाने आपल्या मांजराला शिरस्त्राण घालून फोटो टाकलाय. नको ते संदेश पुसण्याचं काम ग्रुपवर माझ्याकडे आहे. आठ वर्षं रोज किमान वीस बावळट विचारत आले, ‘कधी येणार?’, आणि मी रोज वीस वेळा पुसत आलो. वाट पाहणं हे शिस्तीचं काम आहे, हे या लोकांच्या डोक्यात कधी शिरायचं नाही.

ही वही आजपासून. उद्या कुणी उठून म्हणायला नको, की अमुक गोष्ट मी आधी सांगितली होती. आधी मीच सांगितलेली असते, फक्त लिहून ठेवलेली नसते.

गुरुवार, ५ मार्च

माझ्या पश्चात कुणी वाचेल म्हणून लिहितो. ‘चौकी’ म्हणजे धाडधाड गोळ्या झाडायचा पोरखेळ नव्हे. चौघांचं पथक. शत्रूच्या इमारतीत शिरायचं, पहारेकऱ्यांची नजर चुकवून आतल्या खोलीतलं बिनतारी यंत्र गाठायचं. समोरून पहारा देणारीही चार खरीच माणसं असतात, कुठल्या तरी घरात आपापल्या पडद्यासमोर बसलेली. इथे बोट नाही, डोकं चालवावं लागतं. म्हणूनच अकरा हजारांतले बहुतेक पहिल्याच दाराशी मरतात.

आमच्या पथकात मी कॅप्टन. लिफ्ट दुरुस्त करणारा एक आहे, तो लिफ्टवाला. डावी बाजू त्याच्याकडे. खोटे दात बनवणारा एक, तो कवळी. आणि एका ग्रंथालयातल्या बाई, त्यांना आम्ही बाईच म्हणतो. आठ वर्षांत एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत, आणि कवळीचं हसणं ऐकल्यावर पाहायची इच्छाही नाही. जुन्या खेळाचे सर्व्हर कंपनीने दोन वर्षांपूर्वी बंद केले. तेव्हापासून दर रविवारी दुपारी तीनला आम्ही फोनवर जमतो आणि खेळ नसतानाच सराव करतो. डोळे मिटून. मी म्हणतो, ‘जिन्यावर पोचलो.’ बाई म्हणतात, ‘दार माझ्याकडे.’ आईला सुरुवातीला वाटायचं, मी कुठल्या तरी पंथात शिरलोय.

दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. आज जेवणाच्या सुट्टीत ट्रेलरचा एक मिनिट चौदाव्या सेकंदापासूनचा भाग थांबवत थांबवत पाहिला. तिथे एक खोली दिसते. सैनिकाच्या खांद्याची रुंदी धरून भिंती मोजल्या, नकाशा काढला. मालक मागे येऊन म्हणाले, घर बांधताय का. यांना काय सांगायचं? काचेला ओरखडा पडला तरी ज्यांना गिऱ्हाईक सांगेपर्यंत दिसत नाही, त्यांना.

रविवार, ८ मार्च

बैठकीची खोली हुबेहूब ट्रेलरमधल्यासारखी मांडली. कपाट दाराजवळ आणलं, टेबल आडवं केलं, चपलांचं रॅक खिडकीखाली. बोळातून आत यायचं, समोर मध्यभागी खुर्चीत पहारेकरी, त्याच्या मागे स्वयंपाकघराचं दार. त्या दारापर्यंत न दिसता पोचायचं.

पहारेकरी म्हणून आईला बसवलं. दुसरं आहे कोण घरात? तिने एकतीस वर्षं टपालखात्यात पत्रं वेगळी करून त्या त्या खणात टाकायचं काम केलंय. मान न वळवता पाच हात लांबचा खण अचूक गाठायची म्हणे. म्हटलं, बघू आता. काम एकच, मी दिसलो की ‘दिसलास’ म्हणायचं. ती पदर खोचून ताठ बसली. विचारत होती, खऱ्या पहारेकऱ्यांना चहा मिळतो का.

तिच्या उजवीकडून गेलो, ‘दिसलास’. टेबलाआडून गेलो, ‘दिसलास, आणि गुडघा पुसून घे’. मग तिच्या डाव्या हाताच्या भिंतीला चिकटून गेलो आणि थेट स्वयंपाकघरात पोचलो. तिला पत्ताच नाही. मागून खांद्यावर टिचकी मारली तेव्हा दचकली आणि हसत बसली. पहारेकरी म्हणून अगदीच गचाळ, पण वाट सापडली.

शनिवार, १४ मार्च

आईने आज कपाटाच्या कोपऱ्यावर कपाळ आपटून घेतलं. परवा दुधाचं भांडं ओट्याच्या कडेला ठेवलं ते थेट खाली. त्याआधी पाण्याचा तांब्या. मी वैतागून म्हणालो, लक्ष कुठे असतं तुझं? म्हणाली, ‘तू सामान हलवलंस ना, म्हणून होतं. सवय मोडली.’ म्हणजे खापर माझ्यावर. वर्षभर ही अशीच आपटतेय, तेव्हा कुठे हललं होतं सामान?

दुपारी मालक जेवायला गेल्यावर तिला दुकानात बोलावलं आणि एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. उजव्या डोळ्याने शेवटची ओळ धडाधड. डाव्याने जरा चाचपडत, पण तीही बरोबर. समोरच्या इमारतीवरची पाटीसुद्धा वाचून दाखवली. नजर खणखणीत आहे. बावीस वर्षं या धंद्यात आहे मी, मला कुणी डोळे शिकवू नयेत. दोष लक्षाचा आहे, आणि लक्षाला काच बसवता येत नाही.

रविवार, १५ मार्च

सातपैकी सात. डाव्या भिंतीने सात वेळा गेलो, एकदाही ‘दिसलास’ नाही. उजव्या भिंतीने सात वेळा, सातही वेळा पकडलं. हा आता योगायोग राहिला नाही, हा नियम झाला. फोनवर सगळ्यांना ऐकवलं. कवळी म्हणाला, कॅप्टन, तुम्ही थोर आहात. तोंडपुजेपणा करतो, पण या वेळी खरं बोलला.

सरावानंतर आईने चहा केला. तासभर बसून तिला सगळा खेळ समजावला, पथक, यंत्र, पहारे. तिने बरेच प्रश्न विचारले, त्यातले दोन बरे होते.

मंगळवार, १७ मार्च

‘डाव्या भिंतीची वाट’ या नावाने नकाशासकट ग्रुपवर टाकलं. चारशे जणांनी वाहवा केली. ज्यांना स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही त्यांची वाहवा घेऊन काय चुलीत घालायची आहे? तरी चार वेळा वाचली.

रविवार, २२ मार्च

पथकाला आपापल्या घरी प्रयोग करायला सांगितला होता. निकाल म्हणजे निव्वळ लाज. बाईंच्या नवऱ्याने त्यांना पहिल्याच पावलाला पकडलं. कवळीच्या मुलीने त्याला सहा वेळा पकडलं आणि सातव्यांदा कंटाळून उठून गेली. लिफ्टवाल्याच्या बायकोने वर्तमानपत्र वाचता वाचता पकडलं.

मी स्पष्ट म्हणालो, तुम्हाला चालता येत नाही. टाचा टेकवत असाल. बाई म्हणाल्या, ‘अहो, मी तर रांगत गेले होते.’ आठ वर्षं शिकवून माणसं अजून रांगतायत.

गुरुवार, २६ मार्च

आई बाजारातून येताना सायकलचा धक्का लागून पडली. डावा कोपर सोललाय, बाकी ठीक. म्हणते, सायकल आली कुठून ते कळलंच नाही. सायकली काय आकाशातून पडतात? मलमपट्टी केली आणि सांगितलं, रस्त्याने चालताना टपालखात्याची स्वप्नं पाहू नकोस. मान हलवली आणि पिशवीतली भाजी निवडायला बसली. खरं तर ती अशी ऐकून घेणारी नाही.

रविवार, २९ मार्च

लिफ्टवाल्याला पथकातून काढलं.

सराव संपता संपता मी गंमत म्हणून सायकलची गोष्ट सांगितली, आमचा पहारेकरी रस्त्यावरही मार खातो म्हणून. कवळी हसला. लिफ्टवाला हसला नाही. म्हणाला, कोपर कुठला सोललाय? मी म्हटलं, डावा. म्हणाला, आणि मागे कपाळ आपटल्याचं सांगितलं होतंस, ते? म्हटलं, तेही डावीकडेच.

‘कॅप्टन,’ तो म्हणाला, ‘तुझी वाट वगैरे काही नाही रे. तुझ्या आईला त्या बाजूचं दिसत नाहीये.’

मी सांगितलं, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतलाय, मी, स्वतः. तर म्हणे त्याचे काकाही वाचायचे. समोरचं सगळं लख्ख, आणि बाजूचं हळूहळू विझत गेलं, त्यांना स्वतःलाही कळलं नाही. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाने राखता येतं, पण लवकर गेलं तर. हे सगळं मला सांगतोय कोण, तर दिवसभर अंधाऱ्या बोगद्यात दोरखंडाला ग्रीस लावणारा माणूस. चष्म्याच्या दुकानातल्या माणसाला. मी म्हटलं, तुला माझी वाट जमली नाही म्हणून पोटात दुखतंय. म्हणाला, तसं समज, पण दाखव. तिथल्या तिथे काढून टाकला.

सोमवार, ३० मार्च

जेवताना चमचा आईच्या डाव्या कानाजवळ धरला आणि हळूहळू पुढे आणला. पार नाकासमोर आला तेव्हा म्हणाली, चमचा काय नाचवतोयस? उजवीकडून आणला तर कानाच्या जरा पुढे येताच वळून पाहिलं.

चमच्याने काही सिद्ध होत नाही.

बुधवार, १ एप्रिल

डोळ्यांच्या रुग्णालयात फोन केला, केवळ लिफ्टवाल्याचं तोंड बंद करावं म्हणून. पलीकडच्या मुलीने सांगितलं, काचबिंदूच्या तपासणीची पहिली मोकळी वेळ सतरा एप्रिल, सकाळी दहा. वर्षात तीनशे पासष्ट दिवस असतात. मी विचारलं, दुसरा दिवस? म्हणाली, मग एकदम बावीस मे.

बावीस मे घेतली. आठ वर्षं ज्या तासाची वाट पाहिली तो असाच कसा सोडायचा? दीड महिन्यात काय आभाळ कोसळणार आहे? हे लिहायचं नव्हतं, पण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

रविवार, ५ एप्रिल

तिघांचा सराव. कशाला काही अर्थ नव्हता. जिना झाला, दार झालं, आणि बाई म्हणाल्या, ‘कॅप्टन, डावी बाजू उघडी आहे.’ तिथे लिफ्टवाला असायचा. कवळीला तिकडे पाठवलं, तर त्याची जागा उघडी पडली.

शेवटी बाईंनी विचारलं, आईंना दाखवलंत का. म्हटलं, मेमध्ये जाणार आहे. इतक्या उशिरा का, म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, की सतरा एप्रिलची मिळत होती. बाईंनी ‘सतरा’ एवढंच परत म्हटलं. कवळी एरवी काहीही ऐकून हसतो, या वेळी हसला नाही. ही माणसं माझी परीक्षा घेणार? फोन ठेवून दिला.

रविवार, १२ एप्रिल

आज सराव नव्हता. आईच खुर्चीत जाऊन बसली. म्हणाली, ये ना, शेवटचाच रविवार आहे तुझा. मी अनवाणी झालो, श्वास रोखला आणि डावी भिंत धरून इतका सावकाश गेलो, की माझा मलाही आवाज येत नव्हता. दोन पावलांवर असताना ती समोरच पाहत म्हणाली, ‘आलास.’

मी विचारलं, दिसलो? म्हणाली, नाही, ऐकू आलास. तुझा उजवा गुडघा वाजतो. पहिल्या दिवसापासून वाजतोय. म्हणजे तेव्हाही तुला कळत होतं? म्हणाली, हो.

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू न दिसता पोचलास की खूश व्हायचास. मग चहा घेत बसायचास, बोलायचास. पकडलं की तोंड पाडून आत जायचास.’

मी टेबलावर बसलो. विचारलं, त्या बाजूचं दिसत नाही, हे कधीपासून? तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आधी वाटलं म्हातारपण. मग तू तक्ता वाचायला लावलास आणि नजर चांगली आहे म्हणालास. तू रोज तेच काम करतोस, तर म्हटलं, असेल चांगली.

माझ्याइतका मूर्ख त्या अकरा हजारांत शोधून सापडणार नाही. मांजराला शिरस्त्राण घालणारासुद्धा नाही.

सोमवार, १३ एप्रिल

रुग्णालय उघडल्या उघडल्या फोन केला. सतराची वेळ गेलेली. मी गयावया केली, हे इथे लिहून ठेवतो. त्या मुलीने सांगितलं, त्या दिवशी आठला येऊन बसा, कुणी आलं नाही तर मधे घेईन. कबूल नाही करत, म्हणाली.

शुक्रवार, १७ एप्रिल

आठला पोचलो. भिंतीला टेकवलेली बाकं, त्यावर वीस-पंचवीस माणसं, एका कोपऱ्यात पाण्याचं पिंप. आईला शेवटच्या बाकावर बसवलं. खिडकीतल्या मुलीला मी साडेआठला विचारलं, कधी होईल? पावणेनऊला विचारलं. नऊला विचारलं. पाचव्यांदा गेलो तेव्हा तिने मान वर न करता हात हलवला, मी ग्रुपवर रोज वीस वेळा हलवतो तसाच.

दहाला दोन मिनिटं असताना आईचं नाव पुकारलं. कुणीतरी आलं नव्हतं. कुणी का आलं नाही याचा विचार करायची माझी लायकी नाही.

लहानशी अंधारी खोली. एक पांढरं यंत्र, अर्ध्या कापलेल्या मोठ्या चेंडूसारखं. आईने हनुवटी टेकवली, एका डोळ्यावर पट्टी, हातात एक बटण. तपासणाऱ्या माणसाने सांगितलं, मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं, कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला म्हणाला, कोपऱ्यात उभे राहा, काही बोलायचं नाही.

घड्याळात दहा वाजले. खिशात फोन थरथरायला लागला आणि थरथरतच राहिला. मी बाजूने वाकून पाहिलं तर ठिपके दिसत होते. उजवा डोळा पहिला. उजवीकडे चमकला, टक. वर चमकला, टक. मी मनात म्हटलं, शाबास. मग डावीकडे, नाकाच्या बाजूला. बटण वाजलं नाही. पुन्हा तिथेच जरा जास्त उजेड. नाही वाजलं. नंतर डावा डोळा. एकामागून एक ठिपके चमकत होते आणि विझत होते, आणि ती बटणावर अंगठा ठेवून, मान ताठ, डोळा न हलवता, पिवळ्या दिव्याकडे पाहत होती. मधोमध आलेला एकही ठिपका तिने सोडला नाही. आठ वर्षं मी लोकांना नेम चुकला म्हणून शिव्या दिल्या. दाब ना, आई, दाब, असं ओठांवर आलं होतं, आणि काही बोलायचं नव्हतं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, ‘किती आले रे माझे?’ मी म्हटलं, चांगले आले. म्हणाली, सोपंच होतं, फार वेळ नुसतं बसवून ठेवतात.

डॉक्टरांनी छापलेला कागद समोर ठेवला. दोन गोल, दोन डोळ्यांचे. डावा जवळजवळ सगळा काळा, मध्यभागी तेवढं नाण्याएवढं पांढरं. त्या नाण्यातून ती तक्ता वाचत होती. उजवा नाकाच्या बाजूने काळा. न पाहिलेल्या इमारतीचे नकाशे मी सैनिकाच्या खांद्यावरून काढले, आणि हा नकाशा रोज माझ्यासमोर बसून जेवत होता. मी मालकांना नावं ठेवतो, ओरखडा दिसत नाही म्हणून. डॉक्टर म्हणाले, काळं ते गेलं. पांढरं आहे ते राखायचं. थेंब दिवसातून दोनदा, एकही दिवस चुकवायचा नाही. वर्षभर आधी यायला हवं होतं. मला विचारलं, आपण काय करता? मी सांगितलं, दुकानात असतो. कशाचं दुकान ते सांगितलं नाही.

घरी येऊन आधी कपाट जागेवर नेलं, मग टेबल, मग चपलांचं रॅक. आई सांगत होती, अजून चार बोटं मागे. खुर्ची मात्र जुन्या जागी ठेवली नाही. तिची डावी बाजू भिंतीला लागेल अशी ठेवली. आता तिच्याकडे जे काही यायचं ते उजवीकडूनच येईल.

फोनवर शंभरेक संदेश होते. ग्रुपवरचे सगळे न वाचता पुसले. बाईंचा एक, की आम्ही थांबलोय, अजून सुरू केलेलं नाही. लिफ्टवाल्याचा दहा वाजून चार मिनिटांचा. पथकातून काढलेल्या माणसाचा. फक्त, ‘नेलंस का?’

त्याला कळवलं, नेलं. आणि डावी बाजू त्याच्याकडे परत दिली. त्याचा लगेच उलट प्रश्न, मग कधी सुरू करायचं? मी लिहिलं, रात्री आठनंतर. आठला आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे आहेत.